चिमणी दिसते तिथवर शब्द जातो

आपल्या कार्यक्षेत्राचा खालचा भाग नदीकाठचा, काळ्या रानाचा. तिथे मोबाईलचे टॉवर जागोजाग उभे आहेत आणि फडातला माणूस बांधावर बसून मुंबईतल्या पाहुण्याची खुशाली विचारतो. डोंगराकडच्या गटांची गोष्ट निराळी. दोन टेकड्यांच्या बेचक्यात शिरले की फोनवरच्या रेघा एकेक करून विझतात. तिकडचे सभासद म्हणतात, "फोन हाय, पर रेंज न्हाई." मग कोणी पाण्याच्या टाकीवर चढतो, कोणी मोटारसायकलला किक मारून खिंडीपर्यंत जातो, निरोप सांगतो आणि परत येतो. उत्तर आले की नाही हे बघायला पुन्हा खिंडीत जायचे.

एरवी ही गैरसोय माणूस सोसून घेईल. पण ऊस हे थांबणारे पीक नव्हे. कोयत्याचा घाव बसला की त्याची उतरण सुरू होते. उन्हाने पाणी उडते, म्हणजे वजन जाते. आणि कांडीतील साखर फुटून तिचे असे रूप होते की ती पुन्हा दाणेदार साखर म्हणून पोत्यात येत नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असे आपण वर्षानुवर्षे सांगतो-ऐकतो ते यासाठीच. घाटात ट्रॅक्टरचा टायर बसला आणि तो निरोप कारखान्याला संध्याकाळी कळला, तर फडातील मोळ्या रात्रभर तशाच राहतात. घटलेले वजन एकट्या त्या शेतकऱ्याचे असते, कारण पैसे काट्यावरच्या वजनाचे मिळतात. घटलेला उतारा मात्र सर्वांचा असतो, कारण एफ.आर.पी. उताऱ्यावर ठरते. तेव्हा डोंगराकडच्या गटात रेंज नाही हे फक्त डोंगराकडच्यांचे दुखणे आहे, असे खालच्या सभासदांनी समजू नये.

या दुखण्यावर एक जुने औषध आहे. ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांना वायरलेस आठवत असेल. ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्याकडील अनेक कारखान्यांवर उंच मनोरा, खाली एक लहान खोली, खोलीत खरखरणारा संच आणि त्यापुढे बसलेला ऑपरेटर असे चित्र असे. गट ऑफिसातून हाक यायची आणि शेतकी विभागाचे दिवसभराचे काम त्या खरखरीवर चालायचे. पुढे १९९५ साली देशात मोबाईल सुरू झाला, हळूहळू तो खेड्यापर्यंत आला आणि बहुतेक ठिकाणी वायरलेस अडगळीत गेला. खालच्या भागात त्याची गरज उरली नाही हे खरे. पण जिथे मोबाईल पोचलाच नाही, तिथूनही तो गेला, हे मात्र योग्य झाले नाही.

मोबाईल आणि वायरलेस यांत फरक काय, असे तरुण सभासद विचारतात. दोन माणसे शेजारशेजारच्या सरीत उभी राहून मोबाईलवर बोलली, तरी त्यांचा आवाज आधी टॉवरकडे जातो आणि तिथून फिरून येतो. टॉवर नसेल, किंवा असून त्याची वीज गेली असेल, तर हातातला फोन म्हणजे नुसता घड्याळ-बॅटरीचा डबा. वायरलेसचे दोन संच मात्र परस्परांशी थेट बोलतात. मध्ये कोणी लागत नाही. बटण दाबले की बोलायचे, सोडले की ऐकायचे. एका वेळी एकानेच बोलायचे.

मग तो किती लांब बोलतो? दुकानदार सांगेल त्यावर जाऊ नये. कारखान्याच्या कामाला वापरतात ते व्ही.एच.एफ. संच, त्यांच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि डोंगर आडवा आला की अडतात. सपाट रानासाठी एक ढोबळ हिशेब आहे. संचाची तार जमिनीपासून जितके मीटर उंच, त्या आकड्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याला चाराने गुणावे. येतील तितके किलोमीटर. मनोरा ३६ मीटरचा, म्हणजे सुमारे ११८ फुटांचा असेल तर वर्गमूळ ६, म्हणून २४ किलोमीटर. फडात उभ्या माणसाच्या हातातील संच दीड मीटरवर, त्याचे झाले सुमारे ५. दोन्ही मिळून २९ किलोमीटर. आणि दोघेही फडातच उभे असतील तर ५ आणि ५ मिळून १०, तेही कागदावर. प्रत्यक्षात मध्ये पुरुष-दीड पुरुष उंचीचा ऊस, चढउतार, झाडी. एक-दोन किलोमीटर नीट ऐकू आले तरी पुष्कळ समजावे. तात्पर्य, पैसा संचाच्या ताकदीवर घालण्यापेक्षा उंचीवर घालावा. जाणकार लोक सोपी खूण सांगतात: जिथून कारखान्याची चिमणी दिसते, तिथून बोलणे व्हायला हरकत नसते. चिमणी दिसत नसेल तर जिथून चिमणीही दिसते आणि खोरेही दिसते असा एखादा माथा शोधावा आणि तिथे रिपीटर बसवावा. हे यंत्र एका लहरीवर ऐकते आणि तेच त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर जोराने बोलते. सौर पत्रा आणि चांगली बॅटरी असली की माथ्यावर वीज नसली तरी भागते.

अडचण आपलीच नाही, आणि नवीही नाही. ऑस्ट्रेलियाच्या शेतकऱ्यांनी ती शंभर वर्षांपूर्वी भोगली आहे, आणि त्यांची हकिकत मुद्दाम सांगण्याजोगी आहे.

त्या देशाच्या आतल्या भागात एकेका पशुपालकाचे रान आपल्या तालुक्याएवढे. शेजारी म्हणावा तो घोड्यावरून दोन दिवसांच्या वाटेवर. १९१७ साली हॉल्स क्रीक नावाच्या दूरच्या वस्तीत जिमी डार्सी हा गुराखी घोड्यावरून पडून जबर जखमी झाला. डॉक्टर पर्थला, हजारो किलोमीटर दूर. सुदैवाने तिथवर तारयंत्र होते. डॉक्टरने तारेवर कडकट्ट करीत एकेक सूचना द्यायची आणि तिथल्या पोस्टमास्तरने ती वाचून साध्या चाकूने शस्त्रक्रिया करायची, असा प्रकार झाला. डॉक्टर स्वतः बोट, मोटार, घोडागाडी असे करीत जवळजवळ दोन आठवड्यांनी पोचले. डार्सी आदल्या दिवशीच गेला होता.

या घटनेने तो देश हळहळला. जॉन फ्लिन नावाच्या धर्मोपदेशकाने विमानातून डॉक्टर पाठवण्याची कल्पना उचलून धरली, आणि १७ मे १९२८ रोजी क्वीन्सलँड प्रांतातील क्लॉन्करी गावातून पहिले वैद्यकीय विमान उडाले. याच क्वीन्सलँडच्या किनारपट्टीला त्या देशाचा बहुतेक ऊस पिकतो. क्लॉन्करी मात्र आतल्या कोरड्या, गुराढोरांच्या मुलखातले. विमान आले, डॉक्टर आला. पण दुखणे आले आहे हे डॉक्टरला सांगणार कोण? तारयंत्र बहुतेक वस्त्यांवर नव्हते. वायरलेसला वीज लागते, आणि तीही नव्हती.

तोड काढली ॲडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगर या कारागिराने. त्याने सायकलच्या पायट्यांवर चालणारे विजेचे यंत्र बनवले. बाईने खुर्चीत बसून दोन्ही पायांनी पायटे मारायचे, वीज तयार व्हायची आणि दोन्ही हात संदेश पाठवायला मोकळे. १९२९ पासून हे संच रानोरान बसू लागले. सुरुवातीला कडकट्टाची भाषा होती. ती सगळ्यांना जमेना, म्हणून ट्रेगरने टंकलेखन यंत्रासारखी कळफळी जोडली. अक्षर दाबले की कडकट्ट आपोआप. काही वर्षांनी तोंडाने बोलणे सुरू झाले. त्यांचे संच लघुलहरींचे. त्या लहरी आकाशातील आयनांबराला आपटून परत येतात, म्हणून शेकडो किलोमीटर जात. आपल्या व्ही.एच.एफ.चे तसे नाही, हे ध्यानात असू द्यावे.

पण आमच्या मते खरी गंमत यंत्रात नाही, पुढच्या व्यवस्थेत आहे. १९४२ च्या सुमारास प्रत्येक वस्तीवर एकसारखी औषधपेटी देण्यात आली आणि पेटीतील प्रत्येक औषधाला नंबर टाकला. डॉक्टरने वायरलेसवरून एवढेच सांगायचे की अमुक नंबरच्या दोन गोळ्या द्या. इंग्रजी नावाची खटपट नको, ऐकण्यात चूक नको. रात्री केंद्रावरचा माणूस झोपला असेल तर काय, याचाही विचार केला होता. संचासमोर ठराविक सुरांची शिट्टी फुंकली की केंद्रावर आपोआप घंटा वाजायची आणि माणूस जागा व्हायचा. दिवसाचा एक वेळ बायकांच्या गप्पांसाठी मोकळा ठेवलेला असे. त्याला तिकडे एका कलकलाट करणाऱ्या पोपटाचे नाव पडले होते. आपल्याकडे असते तर साळुंक्यांची शाळा म्हटले असते. पुरुषमंडळी हसत, पण या गप्पांमुळे दोन गोष्टी झाल्या. एकट्या पडलेल्या बायामाणसांना सोबत मिळाली, आणि रोज वापरात राहिल्याने संच चालू स्थितीत राहिला. १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्ज येथे याच वायरलेसवर रानातल्या मुलांची शाळाही सुरू झाली.

आता आपल्या फडाकडे येऊ. डोंगराकडच्या गटात वायरलेस असेल तर दिवस कसा चालेल?

"शेतकी, शेतकी, गट चार बोलतोय. ओव्हर."

"बोला गट चार. ओव्हर."

"खालच्या वाडीला टोळीनं दोन खेपंचा माल तोडून ठेवलाय. ट्रॅक्टर एकच आलाय. दुसरा घाटात हाय का बघा. ओव्हर."

"दुसऱ्याचा पाटा तुटलाय. वरच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर तिकडं वळवतो. मुकादमाला सांगा, आज नवीन तोड घालू नका. ओव्हर."

एवढेच. अर्ध्या मिनिटाचे बोलणे. पण 'नवीन तोड घालू नका' हा निरोप दुपारी बारा वाजता पोचला तर एका खेपेचा ऊस उभा राहतो आणि वाचतो. संध्याकाळी पोचला तर तो आडवा होऊन वाळत पडलेला असतो. उलट बाजूही आहे. गिरणीत बिघाड होऊन गाळप थांबले तर टोळीला थांबवायचे, सुरू झाले तर उठवायचे. ऊस कमी पडून गव्हाण मोकळी फिरू लागली तर जवळच्या गटातून खेप ओढायची. ही सगळी वेळेची कामे आहेत. चिटबॉयची नोंद आता मोबाईलवर होते हे चांगले आहे, पण रेंज नसलेल्या फडात ती नोंदही खिंडीत जाऊनच पुढे सरकते.

वायरलेसचा आणखी एक गुण आहे, तो काहींना अवगुण वाटेल. त्यावर कानात कुजबुजता येत नाही. एक बोलतो ते त्या लहरीवरचे सगळे ऐकतात. तोडणीच्या पाळीवरून आपल्याकडे जेवढी कुरबुर होते तेवढी दुसऱ्या कशावरून होत नसेल. अमक्याच्या फडाला टोळी आधी का गेली, तमक्याची लावण मागे का राहिली, कोणी कोणाला फोन केला! फोन दोघांत होतो, म्हणून संशयाला जागा राहते. वायरलेसवर टोळी हलवण्याचा हुकूम चार गट ऑफिसांत एकदम ऐकू जातो. पाळी डावलायची तर ती उघड्यावर डावलावी लागते. सहकारी संस्थेला हे चांगलेच आहे, असे आम्ही म्हणतो.

बोलण्याला मात्र शिस्त हवी. बटण दाबल्याबरोबर तोंड उघडले तर पहिला शब्द तुटतो. क्षणभर थांबून बोलावे. आधी ज्याला हाक मारायची त्याचे नाव, मग आपले. संच तोंडापासून चार बोटे दूर, तार उभी. आकडे आपल्या भाषेत फसवे आहेत. खरखरीत 'सात' आणि 'साठ' एकच ऐकू येते, 'सहा'चा 'दहा' होतो, आणि एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर यांनी तर गाडीच्या गाडी चुकीच्या फडावर जायची. म्हणून आकडा सुटा सुटा सांगावा: एकोणसाठ नव्हे, पाच, नऊ. ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवावा. ऑस्ट्रेलियाच्या औषधपेटीला नंबर टाकले त्यामागे हीच अक्कल होती.

इथवर ऊस झाला. माणसांचे काय? फडात घरदार घेऊन आलेली टोळी असते. त्यांत पोटुशी बाई असते, पाचटात खेळणारे लेकरू असते, पाचटात साप असतो, आणि अलीकडे उसात बिबट्याही असतो. आपल्या राज्यात २०१४ पासून १०८ नंबरची रुग्णवाहिका आहे. पण १०८ लावायला फोन लागायला हवा. फडातून वायरलेसने हाक, कारखान्याच्या खोलीतून ऑपरेटरचा १०८ ला फोन, आणि गाडी कोणत्या खिंडीपर्यंत येईल, पुढे बाई कोणत्या ट्रॅक्टरवरून आणायची याचा जबाब परत फडात. यात वाचणारा अर्धा-पाऊण तास म्हणजे काय, ते सर्पदंशाचा माणूस खांद्यावरून आणलेल्यांना विचारावे.

मात्र हे तेव्हाच घडते, जेव्हा त्या खोलीत कोणी ऐकत बसलेले असते. संच पन्नास घेतले आणि ऐकणारा कान नसला तर ती खेळणी. आणि इथे आमचे एक स्पष्ट मत आहे. हंगामी कामाचा संच हंगामापुरता असे धरले, की पट्टा पडल्यावर वायरलेसच्या खोलीला कुलूप लागते, ऑपरेटर घरी जातो आणि बॅटऱ्या कपाटात उतरतात. जून ते सप्टेंबर खोली बंद. नेमक्या त्याच महिन्यांत डोंगराकडच्या माणसाला तिची गरज सर्वांत जास्त असते.

३० जुलै २०१४ ची सकाळ आठवावी. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेच्या वर माणसे गेली. ही बातमी बाहेरच्या जगाला कशी कळली? नेहमीची एस.टी. घेऊन चालक तिथे पोचला, त्याला गाव जागेवर दिसेना. त्याने मागे येऊन सांगितले तेव्हा. गाडी त्या दिवशी गेली नसती तर? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडच्या अनेक गावांत वीज गेली आणि चांगले चालणारे मोबाईलही मुके झाले, हे तर खालच्या सभासदांनीही पाहिले आहे.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीची हकिकत उलटी आहे. अंदमानात त्या सुमारास भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी रेडिओचालकांचा, ज्यांना हॅम म्हणतात त्यांचा, एक गट पोर्ट ब्लेअरला आलेला होता. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ या संस्थेची ही मोहीम. उद्देश जगभरच्या हौशी मंडळींशी संपर्क साधण्याचा. भूकंप झाला, समुद्र आत आला, बेटांचे फोन बंद पडले. संच तयार होते, माणसे तयार होती, आणि बोलायची सवय होती. त्यांनी हौस बाजूला ठेवली आणि बेटांवरच्या माणसांचे निरोप मुख्य भूमीवर पोचवण्यास सुरुवात केली. संच कपाटात असते तर त्यांचा उपयोग शून्य होता.

म्हणून आम्हांस वाटते की वायरलेसचा विषय निघेल तेव्हा पावसाळ्यातील ऑपरेटरच्या पगाराचा विषयही त्याच कागदावर यावा. दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, प्रत्येक गटाने हाक द्यावी आणि खोलीने 'ऐकले' म्हणावे. हाक आली नाही तर माणूस पाठवावा. खर्च होईल, सभासदांच्या पैशातूनच होईल. वार्षिक सभेत त्यावर हो म्हणावे की नाही म्हणावे हा सभासदांचा अधिकार आहे. आमचे मत 'हो' आहे.

कायद्याचे दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण काही उत्साही मंडळी ऑनलाईन स्वस्तात वॉकी-टॉकी मागवू लागली आहेत. वायरलेस हा रेडिओसारखा घेतला आणि लावला असा प्रकार नाही. पूर्वी १८८५ आणि १९३३ चे कायदे होते. आता त्यांच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. व्ही.एच.एफ. संचासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेकडून परवाना लागतो, लहर नेमून मिळते, आणि तीच वापरायची. परवान्याशिवाय वापरता येईल असा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झचा एक लहान पट्टा आहे. त्यावरचे कमी ताकदीचे, मान्यताप्राप्त संच मुकादम आणि ट्रॅक्टरवाला यांच्यातील बोलण्यापुरते ठीक आहेत. बाजारातील पुष्कळ संच या पट्ट्याबाहेरही बोलतात. पोलिसांच्या किंवा विमानाच्या लहरीवर आपण "ट्रॅक्टर कुठं हाय" असे ओरडलो तर ट्रॅक्टर राहील बाजूला आणि दारात फौजदार उभा राहील. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली अशा विक्रीबद्दल ऑनलाईन विक्रेत्यांना नोटिसा काढल्या आणि नियमही घालून दिले आहेत. संच घेताना कोणत्या लहरीवर चालतो आणि त्याला मान्यतेचा दाखला आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत. हॅमचा परवाना परीक्षा देऊन मिळतो, आपल्या मुलामुलींनी तो जरूर मिळवावा. पण तो हौसेसाठी आणि आपत्तीसाठी आहे, ऊसवाहतुकीच्या धंद्याला चालत नाही.

राहता राहिले उंचीचे काम, आणि ते सभासदांशिवाय कोणाला होणार नाही. नकाशावर माथा दिसतो, पण माथ्यावरून काय दिसते ते तिथे गुरे चारणाऱ्यालाच ठाऊक. डोंगराकडच्या सभासदांनी दसऱ्यापूर्वी एकदा आपल्या शिवारातील उंच जागा पाहून ठेवावी: माळावरचे देऊळ, पाण्याची टाकी, शाळेची गच्ची, जे असेल ते. तिथून कारखान्याची चिमणी दिसते का आणि आपल्या खोऱ्यातील किती वस्त्या दिसतात, हे गट ऑफिसात कळवावे. धुक्याच्या दिवशी पाहू नये. दिवसा चिमणी नीट ओळखू येत नसेल तर रात्री तिच्यावरचा तांबडा दिवा शोधावा. जागा कोणाच्या मालकीची आहे आणि तिथवर बैलगाडी तरी जाते का, हेही चिठ्ठीत लिहावे. बॅटरी डोक्यावरून न्यायची वेळ येऊ नये.